एकदाच विचारणारा समुद्र

विजयाकाकू कोणतीही गोष्ट पहिल्यांदा विचारल्यावर घेत नसत. पहिल्यांदा "नको नको", दुसऱ्यांदा "अहो, खरंच नको", आणि तिसऱ्यांदा "बरं, तुम्ही इतकं म्हणताय तर अगदी थोडंसं". या पद्धतीवर पुण्यात त्यांची पन्नासेक वर्षं सुखात गेली होती. मग भूकंपाने मोडलेलं ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला जे इंजिनिअर आले, त्यांच्यात त्याही आल्या. नेमक्या अशा देशात, जिथे माणसं एकदाच विचारतात.

मी त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि युनिव्हर्सिटीत शिकायचे. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी आम्हाला बार्बेक्यूला बोलावलं. शेजारीणबाई लेमन केकची बशी घेऊन काकूंसमोर आल्या. काकू म्हणाल्या, "नो नो." शेजारीणबाई म्हणाल्या, "स्वीट ॲज," आणि बशी घेऊन पुढे गेल्या. 'स्वीट ॲज' म्हणजे 'ठीक आहे, काही हरकत नाही'. हे दोन शब्द काकूंनी पुढची कित्येक वर्षं उपाशीपोटी ऐकले. त्या रात्री घरी येऊन आम्ही दहीभात कालवला. "सुधारलेला देश आहे," काकू लोणच्याची फोड चोखत म्हणाल्या. "आग्रहाचासुद्धा खर्च वाचवतात."

तर अशा काकूंना समुद्राचं वेड लागलं. काका वारल्यानंतर त्या एकट्याच इकडे आलेल्या. ऑफिसात दिवसभर इमारतींचे नकाशे तपासायच्या. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. आमच्या घरापासून किनारा चालत दहा मिनिटांवर. तिथे सगळे फळीवर पालथे पडून, मान वर करून लाटांवर जायचे. काकूंच्या मानेचे मणके झिजलेले, त्यामुळे पालथं पडून मान वर करणं त्यांना शक्यच नव्हतं. मग कुणीतरी त्यांना पॅडलबोर्ड दाखवला. लांब-रुंद फळी, तिच्यावर उभं राहायचं आणि एका उंच वल्ह्याने वल्हवायचं. "हे बरं आहे," काकू म्हणाल्या. "ताठ मानेने समुद्रात जाता येतं."

खरंच जायच्या. रोज सकाळी ऑफिसच्या आधी, काळा रबरी सूट घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून. मला पोहता येत नाही. आमच्या गावी विहिरीत बायकांनी उतरायची पद्धत नव्हती. मी वाळूवर टॉवेल आणि थर्मास धरून उभी राहायचे आणि लाटांमागे त्यांचा अंबाडा शोधायचे. पाण्यातून बाहेर आल्या की अर्धा तास त्यांच्या बोलण्यात टोमणा नसायचा. तेवढ्यावरून मला कळायचं, की त्यांना तिथे काय मिळतं ते.

काकूंना लाट घेताना मात्र मी कधी पाहिलं नाही. लाट आली, की शेजारचा सर्फर विचारायचा, "घेतेस का?" काकू "नो नो, यू गो" म्हणायच्या आणि तो जायचा. पुढची लाट, पुढचा सर्फर, पुन्हा "नो नो". अख्खा उन्हाळा त्यांनी लोकांना लाटा वाढल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात भाड्याच्या बोर्डांचं दुकान निघालं आणि किनाऱ्यावर पॅडलबोर्डांची गर्दी झाली. उंच उभं राहून लांबची लाट आधी दिसते, म्हणून ही मंडळी सगळ्या लाटा आधीच पकडायची. एकाचा सुटलेला बोर्ड एका मुलीच्या खांद्यावर आदळला. मुलगी बरी झाली, पण ओरड झाली, आणि ती रास्तच होती. कौन्सिलने नियमाचा मसुदा काढला: उन्हाळ्यात सर्फ किनाऱ्यावर पॅडलबोर्ड बंद, त्यांनी खाडीत जावं. कारण दिलं होतं, पॅडलबोर्डवाले लाटा बळकावतात.

"मी लाटा बळकावते!" काकू वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाल्या. "मी आयुष्यात ताटातली शेवटची वडी उचललेली नाही!"

आम्ही खाडी बघून आलो. पाणी ताटातल्या आमटीसारखं स्थिर होतं, आणि ओहोटीला तेही नव्हतं, नुसता चिखल. "इथे उभी राहून मी काय करू? धुणं धुऊ?" काकूंनी विचारलं.

नियम पक्का होण्याआधी कौन्सिलने सुनावणी ठेवली. कुणीही जाऊन पाच मिनिटं बोलावं. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली आणि छान बोलल्या. मानेचं मात्र बोलल्या नाहीत. "दुखणी काय चारचौघांत सांगायची?" हे त्यांनी गाडीतच ठरवलं होतं. पॅडलबोर्ड पायाला दोरीने बांधलेला असावा, नवशिक्यांनी खाडीत शिकावं, सगळं मुद्देसूद सांगितलं. समितीच्या अध्यक्षबाई चांगल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "विजया, सकाळी आठच्या आधी तुम्हा लोकांना परवानगी ठेवली तर तुम्हाला चालेल का?"

जे हवं होतं ते समोर, बशीत घालून ठेवलेलं.

काकू हसल्या. "ओह, नो नो. प्लीज, माझ्यासाठी उगाच त्रास घेऊ नका."

"लव्हली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "थँक यू, विजया." आणि त्यांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

काकू खुर्चीवर येऊन बसल्या. बराच वेळ समितीकडे अपेक्षेने बघत राहिल्या. समिती एव्हाना कुत्र्यांच्या पट्ट्यांवर पोचली होती.

गाडीत त्यांनी सीटबेल्ट लावला आणि म्हणाल्या, "अगं मंगल, तिने परत विचारलंच नाही!"

"काकू, तिने एकदा विचारलं ना."

"एकदा विचारणं म्हणजे काय विचारणं झालं? मंडईतला भाजीवालासुद्धा कोथिंबिरीला दोनदा विचारतो!"

मग सिग्नल लागला. हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्याने हॉर्न वाजवला नाही. इथे तेही वाजवत नाहीत.

नियम झाला. किनाऱ्यावर पाटी लागली. वल्हं घेऊन उभी असलेली एक काळी आकृती आणि तिच्यावर लाल तिरकी रेघ. काकूंनी पाटीसमोर उभं राहून तिला नीट न्याहाळलं. "परदेशात येऊन कुणाचं एवढं चित्र लागलंय आपल्यातलं? आता फक्त हार घालायचा राहिला."

त्या उन्हाळ्यात बोर्ड गॅरेजमध्ये भिंतीला टेकून होता. सकाळी काकू सवयीने उठायच्या, चहा करायच्या, आणि ऑफिसची वेळ होईपर्यंत खिडकीशी बसायच्या. एक रविवार माझ्या आग्रहाखातर खाडीत गेल्या आणि चिखलात रुतलेली एक जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, तिथेच सोडून परत आल्या. टोमणे चालू होते, पण आता दिवसभर.

पाटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की नियम एका उन्हाळ्यापुरता आहे, नंतर पुन्हा विचार होईल. मी ते काकूंना दाखवलं.

"मी नाही जाणार," त्या म्हणाल्या. "मी गेले तर या वेळी खाडीसुद्धा दान करून येईन. तू बोल."

"मी?"

"मग काय गॅरेजमधला बोर्ड बोलेल?"

मी वर्गात कधी हात वर केला नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांची पिठाची गिरणी. परवान्याच्या कामाला तालुक्याच्या कचेरीत गेले, की ते चपला दाराबाहेर काढायचे. साहेबांनी कधी तसं सांगितलं नव्हतं, वडिलांनीच ठरवलं होतं. सुनावणीच्या दिवशी कौन्सिलच्या दारात माझेही पाय चपलांतून अर्धे बाहेर आले. काकूंनी मागून कोपराने ढोसलं. "चल. इथे कुणी त्या उचलून नेणार नाही."

मी कागद वाचला. आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. मग कागदात नव्हतं ते बोलले. म्हणाले, की या बाईंच्या मानेचे मणके झिजलेत, त्यांना पालथं पडता येत नाही, समुद्रात जायचा त्यांचा हा एकच रस्ता आहे. मागे काकूंनी "श्शी!" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. आणि म्हणाले, गेल्या वर्षी तुम्ही त्यांना सकाळची वेळ देत होता तेव्हा त्यांना ती हवी होती. आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणतात.

अध्यक्षबाई काकूंकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यातला एक दाढीवाला माणूस उठला. त्याचं नाव ब्रायन. प्लंबर होता, आणि सर्फर लोकांचा म्होरक्या. मला वाटलं, संपलं.

"ही बाई लाटा बळकावत नाही," तो म्हणाला. "हिने उलट मला इतक्या लाटा दिल्यात, की मला वाटायचं हिला त्या आवडतच नाहीत."

लोक हसले. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "आठच्या आधी, पायाला दोरी बांधून. चालेल?"

शपथेवर सांगते, माझ्याही तोंडात "नको नको" आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "येस."

बाहेर एक कारकून चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याने मला विचारलं, मी हो म्हटलं. काकूंना विचारलं, काकू म्हणाल्या, "नो नो." तो गेला. काकूंनी माझ्या कपाकडे पाहिलं, आणि मी निम्मा चहा त्यांना दिला. एवढ्या मोठ्या विजयानंतरही सुधारणा हळूहळूच होते.

आता काकू ऑकलंडला, मनुरेव्यात लेकीकडे असतात आणि नातवाला सांभाळतात. त्याला मराठी समजतं आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. फोनवर म्हणतात, "पहिल्या घासाला 'नो' म्हणतो गं. मी परत विचारते, तर 'आज्जी, आय सेड नो' म्हणतो. इथलाच आहे हा."

पण त्यांची आठवण आली, की मला नियम सैल झाल्यानंतरची पहिली सकाळ दिसते. थंडी होती. वारा समुद्राकडून येत होता, म्हणून पाण्यातलं बोलणं किनाऱ्यावर ऐकू यायचं. मी टॉवेल आणि थर्मास धरून उभी. चांगली, उंच, सरळ लाट मागून उठत होती. ब्रायन तिच्यासमोर थांबला आणि ओरडला, "विजया! घेतेस का?"

एकदाच.

अंबाडा हलला. नकारासाठी मान हलायला लागली होती, ते मला इतक्या लांबून दिसलं. आणि मग तो आवाज आला, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा, मराठीत.

"हो!"

ब्रायनला मराठी येत नाही. तो बाजूला झाला.

काकू निम्म्या अंतरापर्यंत उभ्या आल्या आणि मग बोर्ड एकीकडे, त्या एकीकडे. फेसातून उठल्या, नाकातोंडातलं पाणी काढलं, दोरी ओढत माझ्यापर्यंत आल्या. मी टॉवेल पुढे केला.

"काय निर्लज्ज वाटतं गं," धापा टाकत त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा विचारलं आणि सरळ घेतली!"

"मग आता?"

"आता काय," त्यांनी टॉवेल परत माझ्या खांद्यावर टाकला आणि बोर्ड पाण्याकडे वळवला. "आठ वाजायला अजून वेळ आहे."