मालकांची ओवळी फ्लॉपी

मंडळी, आज ऑफिसात जे झालं ते तुम्हाला मेलवर कळवल्याशिवाय घरी जाववणार नाही.

कुंभकोणमच्या आमच्या साडी कंपनीत कॉम्प्युटर तीन, आणि त्यांचा अँटिव्हायरस सांभाळणारा मी एकटा. बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय घालू नका, हे वर्षभर घसा फोडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. शेवटी घरी सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आमच्या टायपिस्ट कामाक्षीअम्मांना म्हटलं, "बाहेरून आलेली फ्लॉपी ओवळी समजा. तपासली की सोवळी."

आज मालक मद्रासहून साड्यांच्या नव्या किनारींच्या डिझाइनांची फ्लॉपी घेऊन आले आणि थेट मशीनकडे वळले. अम्मा आडव्या आल्या.

"सर, ती ओवळी आहे. आधी तपासू द्या."

मालक लालबुंद झाले. मी गुपचूप फ्लॉपी घेऊन तपासली. व्हायरस निघाला. तिरुभुवनमच्या विणकरांना द्यायची लग्नसराईची सगळी डिझाइनं त्याच मशीनवर होती.

संध्याकाळी मालक दुसरी फ्लॉपी घेऊन आले ते दारातच थांबले. "अम्मा, आत येऊ का?"

तुमच्या ऑफिसात मालकाला अडवणारं कुणी आहे का? नसेल, तर अँटिव्हायरस घेऊन काय उपयोग?