खरकट्याचा डबा

खोटं कशाला सांगू, मी माझ्या थोरल्या जावेवर जळले आहे. आणि तेही तिच्या घरच्या खरकट्यापायी.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट असेल. आमचं गाव जामच्या फाट्यावरून आत, बैलबंडीच्या रस्त्याने. आम्हा दोघी जावांच्या चुली वेगळ्या, पण अंगण एकच. एक दिवस जीपमधून हॉलंडची एक गोरी बाई आली, सोबत वर्ध्याची एक कॉलेजातली मुलगी, बोलणं समजावून सांगायला. इथलं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ मिळून अभ्यास करत होतं, घराघरांतून किती अन्न वाया जातं आणि ते कसं वाचवता येईल याचा. त्या बाईच्या गावातही घरोघरी असेच डबे दिले होते म्हणे. आम्हाला प्रत्येकीला एक झाकणाचा पत्र्याचा डबा मिळाला. देठं-सालं गाईला घालायची, ती मोजायची नाहीत. पण उरलेलं शिजवलेलं अन्न फेकायचं झालं तर ते या डब्यात. सकाळी बाई येऊन वजन करणार.

मी मनातून हरखले. याच्यात मला कोण हरवणार? दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळून दिवस काढलेली मी. माझ्या घरात शिळी भाकर कुस्करून फोडणीला पडते, उरलेल्या वरणात पीठ मळलं जातं, आंबट झालेल्या ताकाची कढी होते. पहिल्या सकाळी बाईने झाकण उघडलं, आत काहीच नाही. मुलीने वहीत शून्य मांडलं, दोघी हसल्या, आणि गेल्या की जावेकडे.

जावेच्या डब्यात मात्र भात, अर्धी भाकर, आंबलेलं वरण. बाई तिच्या उंबऱ्यावर बैठक मारून बसली. किती शिजवलं, कोण उशिरा जेवलं, का उरलं, सगळं विचारलं. चहा झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्याकडे झाकण उघडायचं, शून्य मांडायचं, आणि चालू पडायचं. पंधरा दिवसांत गोऱ्या बाईच्या हातात जावेने भरलेल्या हिरव्या बांगड्या आल्या. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत त्यांचं हसणं ऐकत बसायची. शेंगा कमी आणि नखं जास्त सोलली गेली.

मला काय पाहिजे होतं, तर एवढंच, की कोणीतरी मलाही विचारावं. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, घर कसं पुरवते हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मालक जेवायचे आणि हात धुऊन उठायचे. शेवटी मी त्या मुलीलाच अडवलं. म्हटलं, "काऊन वं, माह्या घरी तुमी बसतच नाई?"

ती बिचारी सरळ बोलली, "काकू, तुमच्याकडं लिहायला काही नसतं ना."

दुसऱ्या दिवशी बाई यायच्या जरा आधी मी एक भाकर जास्तीची थापली. चांगली फुगलेली, पापुद्रा सुटलेली. डबा समोर घेतला. हात होईना. दोनदा भाकर परत टोपल्यात ठेवली. पण तेवढ्यात पलीकडे जाऊ चहाच्या कपबशा विसळत असल्याचा आवाज आला, आणि मी भाकर डब्यात टाकून झाकण दाबलं.

बाई आली. झाकण उघडलं आणि आतून वाफ आली. माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं की उरलेली भाकर गरम नसते. बाईने आधी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलीचा पेन थांबला. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एवढ्यात जाऊ अंगण ओलांडून आली. तिने डब्यात वाकून पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि भाकर उचलून घेतली.

"मीच सांगतलं होतं इले, माह्यासाठी एक भाकर ठेवजो म्हणून. इचा डबा काय, ताटावानी घासलेला. त्याच्यातच ठेवून देली येडीनं." मग बाईकडे वळून म्हणाली, "मले काय विचारता रोज? म्या तं फेकते. न फेकता घर कसं चालते ते इले विचारा."

मुलीने सांगितलं तशी गोरी बाई माझ्या ओसरीवर बसली. मी तासभर बोलत होते. कुस्करा, कढी, वरणातलं पीठ, सगळं. मुलीला वहीचं पान उलटायला फुरसत मिळेना. मला हवं ते मिळालं, पण तेही जावेच्या हातून मिळालं, आणि तोच घास मला आजवर गिळता आला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी चहा ठेवायला आत गेले तेव्हा बाईने फोटो काढला. दोन वर्षांनी तो टपालाने आला, जावेच्या नावाने. तिच्या खोलीत अजून टांगलेला आहे. डबा माझा, ओसरी माझी, भाकर माझी, आणि हसणारी ती. पाहुणे आले की विचारतात, आणि ही माझ्याकडे बोट दाखवून प्रत्येकाला सांगते, "भाकर इची हाय ते."

गरम होती, हे मात्र तिने आजवर कोणाला सांगितलं नाही. मी दर वेळी वाट पाहते की आता सांगेल. म्हणजे मलाही तिच्यावर मोकळेपणी रागावता येईल.