कार्पेटवरची रोवणी

काकूंच्या हॉलमध्ये कार्पेटवर मी वाकले. जीन्स पोटरीपर्यंत दुमडलेली. वीस-पंचवीस माणसं सोफ्यावर, जिन्यावर बसून बघत होती. डाव्या हातात कोथिंबिरीची जुडी. उजव्या हाताने चिमूटभर काड्या काढायच्या, खाली टेकवायच्या, एक पाऊल मागे सरकायचं. माझी आई भंडाऱ्याकडे दुसऱ्यांच्या बांधीत, भातखाचराच्या चिखलात उभी राहून भाताची रोवणी करते, तशी.

सुरुवात साध्या प्रश्नाने झाली होती. २००४ साल, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावातलं गणपतीचं जेवण. काकू नात्यातल्या नाहीत, तिथले सगळे मराठी त्यांना काकू म्हणायचे. त्यांनी विचारलं, पीएचडी कशावर? जपानच्या खेड्यांतल्या शेतकरी बायकांच्या कामावर, मी म्हटलं. मग त्यांनी आडनाव पुन्हा विचारलं, आई काय करते तेही. "म्हणजे घरचाच विषय की," त्या म्हणाल्या. रोवणी करून दाखव ना, आमच्या मुलांनी कधी बघितलंच नाही.

मी केलं. सगळे हसले. "बघा, हाडातच असतं हे," काकू म्हणाल्या.

आणि मीही हसले.

का केलं? इंडियन ग्रोसरी काकूंच्या गाडीतून यायची. मराठी बोलायला तेवढंच एक घर. ते तुटेल याची भीती. दुसरं काही नाही. नंतर कित्येक आठवडे मला एक ओळ लिहिता आली नाही. वाकलेल्या जपानी बायकांचे फोटो समोर ठेवले की प्रत्येक पाठ आईची वाटायची आणि ते हसणं ऐकू यायचं. फोनवर आईशी धड बोलवेना. जीव नकोसा झाला होता.

हिवाळ्यात डिपार्टमेंटमधल्या जपानी मैत्रिणीची आई आली. जन्मभर भात लावलेली म्हातारी, कमरेत वाकलेली ती वाकलेलीच. मी टेप लावला, मैत्रीण भाषांतर करायला बसली. तुमच्या कामाबद्दल सांगा म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, काम कुठे केलं, नवऱ्याला हातभार लावला. माझी आई हेच म्हणते. "माहं कायचं काम, बाई? तुह्या बापाले हातभार."

माझी आईही भात लावते हे मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा म्हातारीने मला विचारलं, "तुमच्याकडे चिमटीत किती रोपं धरतात?"

तीन-चार, मी म्हटलं. आमच्याकडेही, ती म्हणाली. हसली नाही. रोवणीबद्दल असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं.

संक्रांतीला काकूंकडे नवे पाहुणे होते. जेवणं झाल्यावर त्यांनी हाक मारली. "अगं, ते रोवणीचं करून दाखव ना." कोथिंबीर आणायला कुणी उठलंही.

"काकू, ते काम आहे. खेळ नाही."

"गंमत गं. किती मनाला लावून घेतेस!"

मी कोट घातला आणि बर्फात बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.

नंतर फोन आला नाही. कुणाचाच. डाळ-तांदूळ संपले. एकटेपणा सोसवत नाही, खोटं कशाला सांगू. टेपमधला 'हातभार' मी थिसिसमध्ये जसाच्या तसा ठेवला आणि त्याखाली त्या म्हातारीचा पहाटेपासूनचा दिवस लिहिला. शेवटी लिहिलं, हे काम आहे.

आईची नक्कल करून मी लोकांना हसवलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. फोनवर नाही, समोर उभी राहून. तिने थोबाडीत मारली तर खाईन. पण कुणाच्या कार्पेटवर मी आता वाकणार नाही.