खाली उतरणारा कंदील

विल्माचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो, आणि खरं सांगायचं तर फोनवर तिचं नाव दिसताच मी वैतागलो. विल्मा म्हणजे ताईची शेजारीण. ती आपणहून सहसा फोन करत नाही; केला तर ताईनंच करायला लावलेला असतो, हा माझा नेहमीचा अनुभव. दसरा होऊन चार दिवस झाले होते. कंदील लावायला रविवारी येतो, असं मी ताईला दोनदा सांगून ठेवलं होतं. आता पुन्हा काय, असं पुटपुटतच मी फोन घेतला. "भाऊ, तुम्ही या ना. लगेच या," विल्मा म्हणाली. "ताई खुर्चीतच आहेत... पण बोलत नाहीत." मुलुंडहून रिक्षानं कांजूरमार्गला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. अर्धी दाढी तशीच ठेवून मी बहिणीसमोर उभा राहिलो. सकाळचा चहा तिनं अर्धाच प्यायला होता. पासष्टाव्या वर्षी ताई गेली, ती कुणाला हाकही न मारता. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता, "शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही हो." मला ते वाक्य ऐकवत नव्हतं. का ऐकवत नव्हतं, ते कागदावर उतरवायला मला आज दीड महिना लागला.

ताई, म्हणजे शैला, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती दीड वर्षाची असताना पोलिओनं तिचे पाय घेतले. मला कळायला लागलं तेव्हा घरात कुबड्या होत्याच, त्यामुळे त्या मला टेबल-खुर्चीसारख्याच घरच्या वस्तू वाटायच्या. आईचा मला एकच नियम होता, ताईला काही करू द्यायचं नाही. ताईनं पाण्याचा तांब्या उचलला की मी तो तिच्या हातातून काढून घ्यायचा. मला त्यात मोठेपणा वाटायचा; धाकटा असून मोठ्या बहिणीवर हुकूम चालवायला मिळायचा. एकदा दिवाळीत, मी सातेक वर्षांचा असेन, आई दळण आणायला खाली गेली होती. तेवढ्यात ताई कुबड्या भिंतीला लावून, खिडकीचे गज धरत धरत स्टुलावर चढली. एका हातात गज, दुसऱ्या हातात कंदील, आणि खिळा जेमतेम वीतभर वर. "ओरडू नको रे, झालंच," ती मला म्हणाली. मी ओरडलो. आई जिन्यातून धावत आली, तिनं ताईला उचलून खाली घेतलं, कंदील माझ्या हातात दिला आणि मला टेबलावर उभं करून तो माझ्याकडून लावून घेतला. वर मला शाबासकीही दिली. ताई पलंगावर बसून कंदिलाकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. तिला राग आला होता की रडू, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर कधी मी विचारलंही नाही.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्यात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. म्हणजे लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, काकड्या, सुपारीचे घड, कवंडळाची लालभडक रानफळं, आंब्याचे टहाळे, त्या दिवसांत रानात-बाजारात जे जे मिळेल ते सगळं बांधायचं. बाबा आणि काका टेबलावर उभे राहून बांधायचे, मी टेबल धरायचो, आणि ताई पाटावर बसून एकेक फळ पुसून वर द्यायची. "तू बस गं, तू नुसतं दे," असं सगळेच म्हणायचे. पन्नास वर्षं ती नुसतं देत आली. घराबाहेर मात्र ती कुणाला ऐकायची नाही. विक्रोळीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती, आणि भले भले साहेब तिच्याशी नीट बोलत. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "मला मागणी घालायला कोणी आलंच नाही. नाहीतर नकार तयार होता माझा." बाबांच्या मागे आई आणि ती कांजूरला राहिल्या, मी लग्न करून मुलुंडला आलो. मग आईही गेली. ताईला तोवर कुबड्या झेपेनाशा झाल्या होत्या, व्हीलचेअर आली होती.

आई गेल्यावर दोनेक वर्षांनी वसुबारसेला मी कंदील लावायला जाणार होतो. ऑफिसात अडकलो, संध्याकाळी पोचलो, तर खालूनच बाल्कनीत कंदील पेटलेला दिसला. विल्माच्या नवऱ्यानं, ऑस्करनं, लावला असणार असं वाटलं.

"कोणी लावला गं?"

"मी."

"मस्करी नको करू."

"अरे मीच. ये, दाखवते."

तिनं खुर्ची बाल्कनीत नेली, भिंतीवरच्या खुंटीचा दोर सोडला आणि कंदील अलगद खाली आला. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांड्या असतात ना, छताला पुलीवर टांगलेल्या, प्रत्येकीचा दोर वेगळा, सोडला की दांडी खाली आणि ओढला की वर... त्यातली एक दांडी तिनं कपड्यांकडून काढून घेऊन कंदिलाला दिली होती. "रोज यावर टॉवेल वाळत घालते मी. इतकी वर्षं सुचलं कसं नाही मला?" असं म्हणत ती हसत सुटली. बावन्नाव्या वर्षी तिनं आयुष्यातला पहिला कंदील लावला होता. मीही हसलो, पण मनातून मला थोडं लागलं, हे आज कबूल करतो. माझं एक काम गेलं होतं.

मग तिला आवरणं कठीण झालं. स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून तिनं पुल्या मागवल्या आणि ऑस्करकडून बसवून घेतल्या. दारावर तोरणाला एक, खिडकीत एक, आणि हॉलच्या मधोमध माटवीसाठी चार. चारही कोपऱ्यांचे दोर एकाच खुंटीला आणलेले. कुठली वस्तू किती उंच चढवायची, त्याच्या खुणेला दोरावर गाठी. पाडव्याला साखरेच्या गाठ्या, श्रावणात तेरड्याच्या माळा, दसऱ्याला झेंडू, आणि डिसेंबरात विल्माचा नाताळचा तारासुद्धा हिच्याच खिडकीत, कारण विल्माची खिडकी मागच्या बाजूला उघडायची आणि तिथे तारा बघणार कोण. पहिल्या वर्षीची माटवी ताईनं एकटीनं दोन दिवस बसून बांधली. काका आले, वर बघून म्हणाले, "शैला, डावीकडे कलली गो. नारळ सगळे एकाच बाजूक इले." आम्ही टेबल आणायला उठलो. ताईनं कुणाकडे न बघता दोर सोडला, माटवी खाली घेतली, दोन नारळ सोडून पलीकडे बांधले आणि पुन्हा वर चढवली. "आता?" एवढंच तिनं विचारलं. काका बघतच राहिले. त्या दिवशी आरतीला ती सगळ्यांच्या पुढे होती, टाळ तिच्याच हातात होते. तिला तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एवढं सगळं डोळ्यांनी बघूनही मला ते कळलं नाही, याचंच मला आता नवल वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. रिकाम्या माणसाला स्वतःच्या घरात कोणी काही करू देत नाही, म्हणून तो बहिणीच्या घरात शिरतो. ताईच्या हॉलच्या छताचं प्लास्टर पडायला लागलं होतं, तेवढं निमित्त मला पुरलं. तिला तीन आठवडे आमच्याकडे आणून ठेवलं आणि हॉल मी माझ्या पसंतीनं नवा केला. पीओपीचं छत, त्यात दडवलेले दिवे, आणि जिथे जिथे पुल्या होत्या तिथे तिथे पितळेचे नक्षीदार हुक, छताला पक्के. बाल्कनीतल्या दांड्या काढून कपड्यांसाठी घडीचा स्टँड आणला. पुल्या, दोर, खुंट्या सगळं गोणीत भरून भंगारात द्यायला वॉचमनकडे ठेवलं. ताईला घरी आणलं तेव्हा तिची खुर्ची हॉलच्या मध्यावर नेऊन मी एकेक दिवा लावत गेलो. ती बराच वेळ वर बघत होती.

"दोर रे?"

"काढले. काय ते घरभर लोंबायचे. आता बघ कसं झकास दिसतंय. आणि तुला काही करायलाच नको, प्रत्येक सणाला मी येतो ना शिडी घेऊन."

मग म्हणाली, "असांदे. छान केलंस." असांदे म्हणजे असू दे, आमच्या आईचा शब्द. परतताना सुनीतानं, माझ्या बायकोनं, विचारलं, "ताईंना विचारलं होतंत का?" मी म्हटलं, सरप्राइज होतं ते. "तेच म्हणते मी," ती म्हणाली. मुलुंड येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी नेमानं गेलो. शिडी लावायचो, वर चढायचो, ताई खालून "थोडं डावीकडे" म्हणायची, "आता बरोबर" म्हणायची, झालं की चहा आणि माझ्या आवडीचं धोंडस. धोंडस म्हणजे आमच्याकडचा काकडीचा केक, तो ती खास माझ्यासाठी करायची. निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "दमलास रे." मी अगदी तृप्त होऊन घरी यायचो. आपण बहिणीसाठी काहीतरी करतो आहोत, या समाधानात मी दोन वर्षं लोळत होतो.

ती गेल्यावर आलेल्या दिवाळीत आमच्याकडे अर्थातच काही केलं नाही. वर्षभर सण करायचे नसतात. फराळाचे डबे शेजाऱ्यांनी आणून दिले. भाऊबीजेला मी सकाळपासून नुसता बसून होतो. साठ वर्षांत ओवाळून न घेतलेली ही पहिलीच भाऊबीज. दुपारी सुनीता जवळ येऊन बसली. "आज कांजूरला जाऊन या," ती म्हणाली. "ताईंच्या आतल्या खोलीत जा. त्या गेल्या त्या दिवशी त्यांची साडी काढायला गेले तेव्हा मी पाहिलं... तेव्हा तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

किल्ली विल्माकडे होती. ती माझ्याबरोबर आत आली. आतली खोली मी नवी केली नव्हती, ती पुढच्या वर्षी करू म्हणून सोडली होती. दोन वर्षांत तिथे माझं पाऊलही पडलं नव्हतं. मी गेलो की दार लोटलेलं असायचं आणि ताई म्हणायची, आत पसारा आहे, जाऊ नको. मी दार उघडलं. छताला माझ्या गोणीतल्या पुल्या होत्या. तेच मळलेले दोर, त्याच गाठी. कोपऱ्यात हातभर लांबीची छोटी माटवी, तिला गणपतीतलं एक कवंडळ वाळून अजून चिकटलेलं. खिडकीवर सुकलेलं झेंडूचं तोरण. आणि पलंगाच्या वर, छताला अगदी टेकलेला, या दिवाळीसाठी तिनं करून ठेवलेला निळ्या घोटीव कागदाचा कंदील.

"तुम्ही त्यांना सोडून गेलात ना, त्याच संध्याकाळी त्यांनी मला खाली पाठवलं," विल्मा सांगू लागली. "म्हणाल्या, भंगारवाला यायच्या आत गोणी घेऊन ये. ऑस्करने दुसऱ्या दिवशी बसवून दिलं सगळं. प्रत्येक सण त्या इथेच करायच्या, दार लावून. तुम्ही यायच्या आधी."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"मी बोलले ना त्यांना, भाऊला सांगा, काय होतंय त्यात. तर म्हणाल्या, लहानपणापासून तो माझ्यासाठी काही ना काही करायला धडपडतोय गं. आता कुठे त्याला वाटतंय की जमलं. ते मोडू नको."

विल्मा बाहेर जाऊन बसली. माझी हौस पुरावी म्हणून माझ्या बहिणीनं स्वतःच्या घरात, दार लावून, चोरून सण केले होते. मी तिला जपतो, असं मी जन्मभर धरून चाललो. शेवटपर्यंत तिनंच मला जपलं, आणि त्याची किंमत म्हणून तिचा हॉल, तिची बाल्कनी, तिचं सगळ्यांदेखत दोर ओढणं मला देऊन टाकलं. मला एकदा फक्त तिच्यासमोर बसून म्हणायचं होतं की ताई, चुकलो. त्याला आता माणूसच उरलं नाही...

कंदील जवळून बघावा म्हणून मी खुंटीकडे गेलो. खुंटी इतकी खाली होती की उभ्यानं दोर सुटेना, आणि वाकलो तर गुंतलेला दोर दिसेना. शेवटी पलंगाच्या कडेवर बसलो. बसल्याबरोबर तो बरोबर हाताखाली आला. दोर सोडला तसा कंदील हळूहळू खाली उतरला आणि माझ्या मांडीवर येऊन थांबला. दोर तिथेच संपत होता. तिनं तो आपल्या मापानं कापला होता. मी कंदिलाला धरून रडलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग डोळे पुसले आणि तो परत वर चढवायला सवयीनं दोर हातात घेतला. घेतला, आणि सोडून दिला. ते काम माझं नव्हतं.