सुनेच्या हातची बिडी

“मावशी, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?” चौकशी सुरू होताच सरकारी कारकुनाने जुना कागद पुढे सरकवला. घरातल्या सगळ्या बिड्या मी एकटीच वळते, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली गयाबाईंचा अंगठा. त्यांनी मान डोलावली आणि आमची केस तिथेच बसली.

मी तेव्हा नागपूरला लॉच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणी ‘वकीलसाहेब’ म्हटलं की मी मागे वळून बघायचो. दर शनिवारी कॉलेजच्या मोफत कायदा सहाय्य केंद्रात बसायचो. काम बहुतेक अर्ज लिहून देण्याचं. केंद्र बोकडे मॅडम चालवायच्या. त्या जिल्हा कोर्टात वकिली करत.

गयाबाई जरीपटक्याच्या पलीकडच्या वस्तीतून चालत आल्या होत्या. त्यांच्या सुनेला, कमलला, टीबी झाला होता. डॉक्टरांनी भरती करायला सांगितलं होतं, पण खाट रिकामी नव्हती. बिडी कामगारांसाठी मात्र काही खाटा राखीव होत्या. त्यासाठी कामगाराचं ओळखपत्र लागे. ते गयाबाईंकडे होतं. लग्न झाल्यापासून रोज बिड्या वळणाऱ्या कमलकडे नव्हतं, आणि सासूच्या कार्डावर सुनेला घेत नव्हते.

याला कारण धंद्याची रीत. ठेकेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी देतो, वळलेल्या बिड्या परत घेतो. पण एका घराला हिशेबाचं पुस्तक एकच, घरातल्या मोठ्या बाईच्या नावाचं, आणि ओळखपत्रही तिलाच. वळणारे हात चार असोत की सहा. ठेकेदाराला कमी कामगार दाखवायचे असतात. आणि सासवांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

“मी जिती असताना सुनेच्या नावानं पुस्तक काहून?” गयाबाईच म्हणाल्या, आणि मग जमिनीकडे बघत राहिल्या. “तवा ठेकेदार म्हणे, कोणी विचारलं तर एकटीच वळतो म्हणजो. मले तर बरंच वाटलं बाबू.”

कमलच्या कार्डासाठी मी तीन रात्री जागून बिडी कामगार कल्याण अधिकाऱ्यांच्या नावे इंग्रजीत अकरा पानी अर्ज लिहिला. मॅडमनी तो हातात तोलून पाहिला.

“एवढं साहेब वाचेपर्यंत कमल बरी होऊन घरी येईल,” त्या म्हणाल्या, आणि एका पानाचा मराठी अर्ज करायला लावला. मला थोडं वाईट वाटलं.

आठवड्याभरात कल्याण अधिकाऱ्यांनी चौकशी ठेवली. हे कोर्ट नव्हतं, त्यामुळे मॅडमनी प्रश्न विचारायला मला पुढे केलं. मी प्रश्न वहीत लिहून नेले होते. मॅडमनी एकच ताकीद दिली होती, छाटीचा विषय काढायचा नाही. छाट म्हणजे ठेकेदार खराब ठरवून बाजूला काढतो त्या बिड्या. त्यांची मजुरी मिळत नाही. तो वेगळा झगडा होता, आणि ठेकेदार चिडला असता तर घरी येणारा तेंदूपत्ताच बंद झाला असता.

ठेकेदार पांढरा सदरा घालून, पुस्तक काखेत धरून आला. कमल कोण, हे त्याला म्हणे ठाऊकच नव्हतं. त्या घरातून गयाबाईच बिड्या आणून देतात, मागे कोण काय करतं ते तो कसं सांगणार. पुस्तकही तेच सांगत होतं, आणि गयाबाईंच्या अंगठ्याचा तो कागदही. माझे पहिले चार प्रश्न चार ‘माहीत नाही’वर संपले. पाचवा वहीत सापडेना. अधिकारी घड्याळाकडे बघू लागले. घाबरून मी तोंडात आलं ते विचारलं.

“तुम्ही यांच्या बिड्या फार छाटता, हे खरं का?”

मॅडमनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. ठेकेदाराला ते फार लागलं. वीस वर्षांत कुणी त्याला बेइमान म्हटलं नव्हतं.

“छाटीन नाही तं काय करीन? म्हातारीची बिडी पाहा, एक निंघत नाही छाटीत. हे सून सैल वळते. तोंड बरोबर बंद करत नाही. दोघींच्या बिड्या मिसळवून ठेवा, मी डोळे मिटून सांगतो कोणती कोणाची.”

मी पुढे काही विचारणार होतो, पण मॅडमचा पाय अजून माझ्या पायावरच होता.

गयाबाईंना मात्र राहवलं नाही. “माही सून सैल वळते? फाटका पत्ता तू देतं, अन नाव तिचं? पाच वर्षं झाले, माह्यापरीस जास्त बिड्या तेच वळून राहिली गा.”

अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं. “सावकाश सांगा. दोघंही. मी लिहून घेतो.”

ठेकेदाराला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. पण डोळे मिटून ओळखतो म्हटल्यावर ओळखत नाही म्हणता येईना. कमलचं कार्ड चार दिवसांत निघालं, खाट त्याच आठवड्यात मिळाली. तिथे ती पाच महिने होती आणि चालत घरी आली. वस्तीतल्या बाकीच्या सुनांची नावंही पुस्तकात घ्या, असं अधिकाऱ्यांनी ठेकेदाराला लेखी कळवलं. त्याने काही घेतली. उरलेल्यांसाठी आम्ही आणखी दोन वर्षं अर्ज लिहीत होतो, एका पानाचे.

परतताना मॅडमनी मला शाबासकी दिली नाही. ताकीद मोडल्याबद्दल मी सीताबर्डीपर्यंत त्यांची बोलणी खाल्ली, आणि ती रास्त होती. मी त्या दिवशी शिकलो ते इतकंच, की समोरचा माणूस तक्रार सांगू लागला की आपण गप्प बसावं. तेही मला स्वतःला जमलं नव्हतं. त्यासाठी पायावर पाय असावा लागला.