शंकर गुरुजींची डिझेल गाडी

गॅरेजातून गाडी दुरुस्त होऊन जाते, तिचा किस्सा मात्र तिथंच राहतो. चहा आला की कोणीतरी एक काढतं, त्याला चिकटून दुसरा येतो. हिंगोलीत रशीदभाईच्या गॅरेजला लागून माझं पंक्चरचं दुकान. नव्वदच्या दशकातले आमचे निम्मे किस्से एकट्या शंकर गुरुजींच्या गाडीचे!

*

गुरुजी पुसेगावकडच्या एका तांड्यावरचे, शाळामास्तर. त्यांच्या धाकट्या भावाला साप चावला. फाट्यावर जीप उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "सीट भरल्याबिगर निघत न्हाई."

सीट भरल्या, तोवर भाऊ गेला.

थोड्याच दिवसांनी गुरुजी एक जुनाट डिझेल मोटार ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. रशीदभाईनं बोनेट उघडलं, तर आत उंदरांचा संसार!

"गुरुजी, ये तो मयत है!"

"मयत घरात बघितली, भाई. हिला जिती करा!"

*

पंप खोलला, रिंगा बदलल्या, डिझेलच्या लायनीतली हवा काढली. शेवटी एकदाचं इंजिन धडधडलं, आणि सगळा रोड काळा झाला. मागं एसटी थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय जाळून राहिले बे?"

रशीदभाई खोकत म्हणाला, "गुरुजींचा पगार!"

*

ट्रायलला आम्ही तिघं निघालो. नरसीच्या अलीकडं उतारावर ब्रेक लागेना. समोर शेळ्यांचा कळप! गुरुजींनी गाडी बांधावर घातली, तरी एक शेळी चाकाखाली आलीच.

म्हातारा धनगर ना ओरडला, ना त्यानं शिवी दिली. शेळीपाशी बसून त्यानं विचारलं, "काहून घेतली ही गाडी?"

"जीव वाचवायला, बाबा."

त्यानं शेळीकडं बोट केलं. "हिला सांगा!"

त्यानंतर रशीदभाईनं ब्रेकचा पाइप न् पाइप नवा टाकला.

*

गाडी बराबर झाली. तांड्यावर कोणी आजारी पडलं की गुरुजी शाळा दुसऱ्या मास्तरवर सोपवून निघायचे. बरेच पेशंट वाचले. पण उशिरा निघालेले परत आले ते चादरीत. लोकांच्या ध्यानात तेच राहिलं.

एका लग्नात नवरदेवासाठी गुरुजींनी गाडी धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या. नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणाला, "राग नका मानू गुरुजी. पोरगं चालत येईन!"

*

मग एका सकाळी गुरुजींच्या बायकोच्या, यमुनाबाईंच्या, छातीत दुखायला लागलं. मी पंक्चर काढायला तांड्यावर गेलेलो, म्हणून सोबत निघालो. गुरुजींनी मागची सीट झटकून चादर अंथरली.

"मागं न्हाई," बाई म्हणाल्या. "मी पुढं बसनार."

बसल्या. काच खाली घेतली. नरसी मागं पडलं तशा म्हणाल्या, "अवो, हळू चालवा की. कवा फिरवलं तुमी मला गाडीत?"

"दुखून राहिलं ना?"

"कमी हाय आता."

गुरुजींनी माझ्याकडं आरशातून बघितलं. मग त्यांनी गिअर खाली टाकला. दोन्ही बाजूंनी हळदीची हिरवी वावरं सावकाश मागं जात होती. बाई बघत होत्या. इंजिन असं चालत होतं, की रशीदभाईला ऐकवावं!

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली, डोळे बघितले.

"थोडं आधी आणायला पाहिजे होतं. रस्त्यात गाडी बंद पडली का?"

"न्हाई साहेब," गुरुजी म्हणाले. "गाडी एकदम बराबर होती."