आवाजासकट दाखवा

शुद्ध आली तेव्हा नाकाला चप्पल लावलेली होती.

सरांची चप्पल. कातड्याची, तळाला चिखल वाळलेला. धरली होती शाळेच्या शिपायानं, आणि सर टेबलाला टेकून त्याला सांगत होते, "अजून दाब. बघ कशी उठती नाटक टाकून." आठवीचा अख्खा वर्ग भोवती. मागची पोरं बाकांवर चढली होती. माझ्या ड्रेसची वरची दोन बटणं उघडी होती आणि ती कुणी उघडली हे मला माहीत नव्हतं. मीच उघडली, असं नंतर सगळ्या डोंगरकडा गावानं मला सांगितलं.

मला आठवतं ते एवढंच. गणिताचा तास होता. पोटातून भीती वर चढली. कशाची भीती, ते विचारू नका. नुसती भीती. मग जळक्या रबराचा वास. पुढचं मला कधीच ठाऊक नसतं, ते दुसऱ्यांना ठाऊक असतं. मी म्हणे जागेवरून उठले, तोंडात काही चघळत असल्यासारखी फळ्यापर्यंत गेले आणि उभ्या उभ्या गळ्याशी चाचपायला लागले. पडले नाही. तोंडाला फेस नाही. फेस आला असता तर आजार म्हणाले असते. फेस नाही म्हणून निर्लज्ज म्हणाले.

सर गावातल्या मोठ्या घरातले. शाळा त्यांच्या काकांची, आणि हळद काढायला आमचा तांडा जायचा ते शेतही त्यांचंच. याडीला तिथूनच बोलावून आणलं. याडी म्हणजे आई. आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो, इथं मराठीत सांगते आहे. ती हळदीनं पिवळे झालेले हात घेऊन दारात उभी राहिली. सर म्हणाले, "घेऊन जाय हिला. तांड्याच्या पोरीला लाज नसती हे आमाला माहीत हाय. पर शाळंत तरी दाखवू नको म्हणावं."

याडीनं डोक्यावरची ओढणी काढली, आरसे लावलेली, जड, आणि माझ्यावर टाकली. तोंडासकट. तशीच झाकून मला भर उन्हात तांड्यापर्यंत आणली. ओढणीच्या आत मी घामानं भिजून गेले. शाळा तिथंच संपली.

त्या दिवसापासून याडीला ती सवयच लागली. मला झटका आला की असेल तिथून धावत यायची आणि ओढणी टाकायची. लग्नात, बाजारात, एसटीत. ती घट्ट धरून बसायची आणि मी आत काय करायची ते फक्त तिला माहीत. लोक म्हणायचे, अंगात येतं. मग अंगात येणाऱ्याला जे जे करतात ते सगळं झालं. ताईत झाले, कोंबडी झाली, अंगारे झाले. माझं लग्नही झालं. सासरच्यांनी वर्षाच्या आत आणून सोडलं. सासू वाईट नव्हती. ती याडीला म्हणाली, "पोरगी चांगली हाय हो. पर मधीच कुठं निघून जाती, कळत न्हाई." माझ्या आजाराचं इतकं बरोबर वर्णन नंतर एकाही डॉक्टरनं केलं नाही.

मी बाहेरून दहावी केली. तांड्यावर अंगणवाडी आली तेव्हा तिथं लागले. लेकरांत बरं वाटायचं. पण एके दिवशी चुलीवर खिचडीचं पातेलं, अवतीभवती लेकरं, आणि मला तो वास आला. परत आले तेव्हा माझा डावा हात पातेल्याच्या कडेला चिकटलेला होता आणि एक चिमुरडी माझ्या पायाशी बसून ओरडत होती. तिला काही झालं नव्हतं. पण होऊ शकलं असतं. त्या दिवशी मी ठरवलं की हे काय आहे ते आता कळलंच पाहिजे.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी नांदेडला एमआरआयला पाठवलं. याडीच्या केसांत चांदीच्या घुगऱ्या, पायांत वाळे, त्या धातूपायी तिला त्या खोलीच्या दाराशीही फिरकू दिलं नाही. मी एकटीच त्या बोगद्यात पडून राहिले. डोक्याशी कुणी पत्रा ठोकतंय असा आवाज. मग डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडात धरली. "हे बघा. डाव्या बाजूला, कानाच्या आत. मेंदूचा एवढासा तुकडा आहे. तो सुकलाय, आखडलाय. लहानपणी तापात झटके आले होते का?"

"आले व्हते," याडी म्हणाली. "गोवर निघाला व्हता. दिस बुडूस्तोर हालत व्हती." थोडं थांबून तिनं विचारलं, "सुकला म्हंजी, हळकुंडावानी?"

"तसंच समजा."

याडी तिथंच खाली बसून रडली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिच्याच हातून काही पाप झालं. मला रडू आलं नाही. मला राग आला. बोटाच्या पेराएवढा एक तुकडा सुकला होता, आणि तेवढ्यासाठी माझी शाळा गेली, संसार गेला, अब्रू गेली.

गोळ्या सुरू झाल्या. वाढल्या. बदलल्या. मी दिवसभर पेंगायची आणि झटके येतच राहिले. शेवटी डॉक्टर म्हणाले, तो तुकडा कापून काढता येतो. पण आधी मोठ्या शहरात जाऊन झटका पकडावा लागेल. अंगाचा व्हिडिओ आणि डोक्यातल्या विजेच्या रेषा, दोन्ही एकाच वेळी. झटका त्याच सुकलेल्या जागेतून उठतोय हे दिसलं तरच ऑपरेशन.

ही यंदाचीच गोष्ट, दोन हजार पाच सालची. हिंगोलीहून लहान रुळांच्या गाडीनं पूर्णा स्टेशनला, तिथून मोठी गाडी. दवाखान्यात माझ्या डोक्याला तारा चिकटवल्या, वर पट्टी गुंडाळली, सगळ्या तारांची वेणी करून भिंतीतल्या डबीत खुपसली. छताला कॅमेरा. गोळ्या कमी केल्या, म्हणजे झटका यावा. जो येऊ नये म्हणून अर्धं आयुष्य नवस केले, त्याची वाट बघत पडायचं. याडीच्या हातात एक बटण दिलं. "पेशंटला काही झालं की दाबायचं. बाकी काही करायचं नाही," तिथला एक तरुण डॉक्टर म्हणाला. चष्मा, पांढरा कोट, इस्त्री कडक. मला तो पेशंट म्हणायचा आणि याडीला म्हातारे.

दुसऱ्या दिवशी झटका आला. मला शुद्ध आली ती ओढणीच्या आत. तोच घामाचा आणि लाकडाच्या धुराचा वास. याडीनं बटण टाकून दिलं होतं आणि अख्खी माझ्यावर पडली होती. बाहेरून आवाज येत होता, "म्हातारे, अक्कल आहे का? कॅमेरा कशाला लावलाय वर?" व्हिडिओत म्हणे माझा झटका कुठंच नव्हता. नुसते आरसे चमकत होते. रेषा होत्या, चित्र नव्हतं. सगळं पाण्यात. गोळ्या आणखी कमी केल्या.

याडीचं तोंड उतरलं होतं. "मला सुचलंच न्हाई गं," ती म्हणाली. "हात आपोआप जातेत."

"आता झाकायचं नाही, याडी."

"समदे बघतेत."

"बघू दे. दाखवायलाच आलोय आपण."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला घराबाहेर काढते आहे. पण तिनं मान हलवली.

पुढचा झटका आला तेव्हा तिनं बटण दाबलं. मी जागी झाले तर ती पलंगापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी होती. ओढणीचं टोक दातांत धरलेलं. "घेतलं त्यायनं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, घाबरली असेल. मी जास्त विचारलं नाही. मी दमले होते.

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. केस पिकलेल्या, बोलायला मऊ. म्हणाल्या, "चांगली बातमी आहे. झटका बरोबर त्याच जागेतून उठतोय. ऑपरेशन होऊ शकतं." याडीनं हात जोडले. मी म्हणाले, "मला बघायचंय. मी स्वतःला कधीच बघितलं नाही."

बाईंनी तरुण डॉक्टरला सांगितलं आणि त्यानं कॉम्प्युटरवर लावलं.

एका बाजूला रेषा. शांत, बारीक. मग डावीकडच्या दोन-चार रेषा दाटायला लागल्या, आणि बघता बघता सगळ्याच हलल्या. दुसऱ्या बाजूला मी. पट्टी बांधलेलं डोकं. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. तोंड चघळतंय. उजवा हात गळ्याशी गेला, गाऊनची नाडी चाचपायला लागला. इतकंच. ज्याच्यासाठी मला गावानं निर्लज्ज ठरवलं ते हे एवढंसं. एखादं झोपलेलं लेकरू चादर ओढतं, तेवढंच. मला माझीच कीव आली आणि मग संताप आला.

तेवढ्यात लक्षात आलं की पडद्यावर तरुण डॉक्टर पलंगाशी उभा आहे आणि त्याचं तोंड हलतंय. मागे आणखी एक जण. दोघं हसताहेत.

"हे काय बोलताहेत? याला आवाज नाही का?"

"आवाज नीट आलेला नाही," तो पटकन म्हणाला.

"येतो की," बाई म्हणाल्या. "लावा."

त्यानं लावला. आधी कामाचं बोलणं, "नाव सांगा. हात वर करा." मग माझा हात गळ्याशी गेला आणि त्याचा आवाज आला, "चला, शो सुरू." मागचा हसला. "तांड्यावरची ना? यांना शिकवावं लागत नाही."

आणि मग याडीचा आवाज. चित्रात ती नव्हती, कोपऱ्यात फक्त तिच्या ओढणीची कड दिसत होती. तोडक्यामोडक्या मराठीत ती विचारत होती, "साहेब, झाकू का? साहेब, आता झाकू का?"

"थांब गं म्हातारे. मस्त येतंय रेकॉर्डिंग."

"साहेब, आता?"

मी तिला झाकू नको म्हणाले होते म्हणून ती उभी राहिली. तिनं हे सगळं ऐकलं आणि माझ्या शब्दाखातर तिथंच उभी राहिली. माझ्या आईनं मला दोन दिवस यातलं अक्षर सांगितलं नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती.

बाईंनी ते बंद केलं. तरुण डॉक्टर लाल झाला होता. "मॅडम, कामाचा ताण होता, चुकून..." बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मला म्हणाल्या, "मी माफी मागते. मी यांच्याशी बोलेन. आणि तुमची परवानगी असेल तर हे रेकॉर्डिंग विद्यार्थ्यांना शिकवायला फार उपयोगी आहे. चेहरा झाकू. आवाज काढून टाकू. काळजी करू नका."

चेहरा झाकू. इतकं शिकलेलं माणूस, आणि शेवटी तेच.

"झाकू नका," मी म्हणाले. "आवाजही काढून टाकू नका."

याडीनं माझं मनगट धरलं. "गप बस. त्यायच्याच हातात तुझं डोकं द्यायचंय."

खरं होतं. माझी कवटी हेच लोक उघडणार होते. भीती पोटातून वर चढत होती आणि या वेळी ती आजाराची नव्हती. माझी नेटकी मराठी कुठल्या कुठे गेली.

"दाखवायचं असंल तर समदं दाखवा. माझ्या डोक्यात काय बिघडलं ते बी, आन् यांच्या डोक्यात काय बिघडलं ते बी. पोरान्ला दोनी शिकू द्या."

बाई म्हणाल्या, "असं दाखवता येणार नाही."

"मग अजिबात दाखवायचं न्हाई. आन् ऑपरेशन मी करून घेणार हाय. ते तुमचे उपकार न्हाईत."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "तारीख कळवू."

पूर्णेपर्यंत याडी माझ्याशी बोलली नाही. हिंगोलीच्या गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी ऐकून घेतलं व्हतं ना समदं? मंग तुला गप बसाया काय झालं व्हतं?" केसांत तारा चिकटवायचं लुकण वाळून डोकं खाजत होतं. ती खिडकीकडे तोंड करून झोपली. ती माझ्यावर अजून रुसलेली आहे आणि मला तिला दोष देता येत नाही.

तारीख आलेली नाही. येईल, नाहीतर मी जाऊन उभी राहीन. झटके चालूच आहेत. मी थकले आहे, खोटं कशाला बोलू.

पण परत आल्यावर मी अंगणवाडीत सगळ्या आयांना बोलावलं. चूल आता मदतनीस बाई बघते, ते आधी सांगितलं. मग मला काय होतं ते सांगितलं. तोंड चघळतं, हात गळ्याशी जातो, हेही स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काही जणी खाली बघायला लागल्या. मी थांबले नाही. म्हणाले, मला झाकू नका. काही हुंगवू नका. लेकरं बाजूला घ्या आणि जवळ उभ्या राहा. आणि एक ध्यानात ठेवा. आजपर्यंत मी शुद्धीवर आले की विचारायची, मी काय केलं? आता ते विचारणार नाही. आता मी विचारणार आहे, मी नव्हते तेव्हा तुम्ही काय बोललात?